गाय, मूश्रूम आणि ती नतद्रष्ट कात्री

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधली साधी गाय कुणाला समजावून सांगायची गरज नाही. गहू दाखवला की मागे येते, बादली लावली की दूध देते, मारली की मांस आणि कातडं. मूश्रूम ही तिची अळंबीवाली बहीण; तीही हे सगळं तसंच करते. नावातला ‘मू’ इंग्रजी गायीच्या हंबरण्याचा, ‘श्रूम’ अळंबीचा; आपण बारसं केलं असतं तर ‘हंबाळंबी’ झाली असती. तर पाठीवर अळंब्या उगवलेली ही लाल गाय बघून लोक दोन समज करून घेतात. एक, ही नुसती रंगवलेली गाय आहे. दोन, अळंब्या म्हणजे हिची लोकर. पहिला समज असला तरी फार बिघडत नाही. दुसऱ्यानं घात होतो.

बाकीचे फरक झटपट उरकतो. मूश्रूम आपसूक सापडते ती फक्त मायसेलियमच्या करड्या-जांभळ्या जमिनीवर, म्हणजे बहुतेकदा भर समुद्रातल्या एखाद्या बेटावर. साध्या गायीशी तिची जोडी जमत नाही. २०१९ पासून तपकिरी मूश्रूमही आहे. लाल गायीवर वीज पडली की ती तपकिरी होते. तपकिरीला फूल खाऊ घातलं तर त्या फुलाच्या गुणाचं एक वाटी ‘संशयास्पद’ कालवण मिळतं. लोकांना याचं भारी कौतुक. मला नाही, पोट भरायला लालच बरी.

आता कात्री. मेंढी कातरायची, तिनं गवत खाल्लं की लोकर परत येते, हे हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की मूश्रूम दिसली तरी हात कात्रीकडेच जातो. कातरल्यावर पाच अळंब्या खाली पडतात, धुराचा एक भपका उडतो आणि समोर उभी राहते साधी गाय. कायमची! गहू चारा, बेटावर परत नेऊन सोडा, वर्षभर वाट बघा, अळंबी पुन्हा उगवत नाही. मेंढीचं कातरणं म्हणजे पीक काढणं; मूश्रूमचं कातरणं म्हणजे झाडच तोडणं. तरी ‘कातरा, पुन्हा येतात’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतातच.

तिच्याकडून घ्यायचं ते वाटीनं. तीन फळ्यांच्या चार लाकडी वाट्या होतात. रिकामी वाटी घेऊन तिला दुहायचं, की वाटीभर अळंबीचं कालवण, पडद्यावरच्या भुकेच्या पट्टीतल्या तीन तंगड्या भरणारं. खाल्लं की वाटी हातात उरते, पुन्हा लावायची. ती आटत नाही, थांबायलाही लावत नाही. साध्या गायीला वाटी लावून बघा, ढिम्म. खरा फरक हा आहे आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. कालवणाच्या वाट्या एकावर एक रचता येत नाहीत, म्हणून कालवण साठवत बसू नये; गाय दाराशी बांधावी.

अळंब्याच हव्या असतील तर दोन मूश्रूमना गहू घालून वासरू होऊ द्यावं. ते वीस मिनिटांत मोठं होतं, मग त्याला कातरावं. मूळ जोडीला कात्री दाखवायचीसुद्धा नाही.

हे मी माझ्या भाच्याला सांगायचं राहून गेलं होतं. दोन मूश्रूम होडीत घालून, एका वेळी एक, आम्ही अख्खा समुद्र ओलांडून घरी आणल्या. नावाच्या पाट्या लावल्या, गंगी आणि चंद्री. मी चहा ठेवायला उठलो. परत येतो तर हा कात्री हातात घेऊन, ‘मामा, बघ ना, दहा अळंब्या!’ कातरली तरी पाटीवरचं नाव जात नाही, त्यामुळे कुंपणात अजून गंगी आणि चंद्रीच आहेत. फक्त वाटी लावली की दोघी नुसत्या बघत राहतात.