दुसरी भाषा लवकर यावी, पण पहिलीच्या जिवावर नको

सहा-सात महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर बसलंय. आईच्या कानांवर हेडफोन, त्यात गाणी चालू. म्हणजे तिच्याकडून नकळत काही खूण व्हायला नको. स्पीकरमधून एकच आवाज येत राहतो : त, त, त... आणि मध्येच ट. बदल ओळखून बाळाने मान वळवली की शेजारच्या पेटीतलं खेळणं उजळतं, हलायला लागतं.

कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा हा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. बाळं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली, आवाज हिंदीतले. इंग्रजी भाषक मोठ्या माणसांना त-ट मधला फरक सहसा ऐकूच येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत मात्र ओळखणारी थोडीच उरली. त्याच वयाच्या, हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना काहीच अडचण नव्हती.

कान इतक्या लवकर घडत असेल, तर दुसरी भाषाही लहानपणीच कानांवर पडलेली बरी, निदान उच्चारांसाठी तरी. फक्त ती माणसाच्या तोंडून पडायला हवी. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या, पुस्तक वाचून दाखवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले आवाज ओळखता आले. तेच टीव्हीवर पाहिलेल्या बाळांना नाही. जेवताना मोबाइलवर इंग्रजी बडबडगीतं लावणाऱ्या घरांनी काय ते समजून घ्यावं!

शाळेतला गाजलेला प्रयोग माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टचा. तिथल्या इंग्रजी भाषक पालकांनी शाळा मंडळाच्या मागे लागून १९६५ साली फ्रेंचमधून चालणारा बालवर्ग सुरू करून घेतला. बाई फ्रेंचच बोलत. मुलं सुरुवातीला इंग्रजीत उत्तर द्यायची, तर ते चालायचं. इंग्रजीचा तास दुसरीपासून. आधी इंग्रजी वाचनात ही मुलं मागे पडली, पण तास सुरू झाल्यावर ती उणीव भरून निघाली. प्राथमिक शाळा संपेपर्यंत इंग्रजी इतरांच्या बरोबरीचं आणि शिवाय फ्रेंच हाताशी. बोलण्यात थोडा परकेपणा राहिला, एवढंच.

हे वाचून आपल्याकडे कुणीही म्हणेल, मग इंग्रजी माध्यमाचं काय चुकलं? फरक असा, की सेंट लॅम्बर्टच्या मुलांची घरची भाषा त्या खंडावरची सगळ्यांत दांडगी भाषा होती, तिला धक्का लागणारच नव्हता. बाईंना ती समजत होती आणि पुढे ती शाळेत शिकवलीही गेली. ज्या वर्गात मराठीत बोललं की दंड होतो, त्या वर्गातलं मूल एका भाषेच्या जागी दुसरी घेत असतं. त्याला द्विभाषिक शिक्षण म्हणणं मला पटत नाही.

दोन भाषांनी मूल हुशार होतं का? बरीच वर्षं तसं सांगितलं गेलं. एकाग्रतेबद्दलचे दावे नंतरच्या मोठ्या अभ्यासांत डळमळले आहेत. भाषेकडे तटस्थपणे पाहण्याची जाण मात्र खरी वाटते. ‘सफरचंदं नाकावर उगवतात’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे का, असं विचारलं की लहान मुलं अर्थात अडकून ‘चूक’ म्हणून मोकळी होतात. वाक्य खुळचट असलं तरी बरोबर आहे, हे एलेन बियालिस्टॉक यांच्या चाचण्यांत द्विभाषिक मुलांना जास्त चांगलं सांगता आलं.

आपल्या जवळचा पुरावा ओडिशातला. अजित मोहंती यांनी कंध आदिवासी मुलांचे दोन गट पाहिले : फक्त ओडिया बोलणारी, आणि कुई या आपल्या मूळ भाषेबरोबर ओडियाही बोलणारी. संस्कृती तीच, गरिबीही तीच. त्यामुळे श्रीमंत घराचा फायदा भाषेच्या नावावर जमा होण्याची भीती नव्हती. कुई टिकवलेली मुलं सरस ठरली.

आपल्याकडची सेमी-इंग्रजी पहिली भाषा टिकवून दुसरी घेण्याच्या या वाटेच्या बरीच जवळ आहे. गणिताचं पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठीत, म्हणून तिची चेष्टा होते. बाई दोन्ही भाषांत पक्क्या असतील, तर मला त्यात चेष्टेसारखं काही दिसत नाही.