इंग्लंडची तीन वर्षांची पदवी अर्धवट असते का?

‘इंग्लंडची पदवी तीन वर्षांची, अमेरिकेची चार, म्हणजे इंग्लंडची कमी दर्जाची’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. नुसती वर्षं मोजली की तसं वाटणं साहजिक आहे. पण त्याआधी शाळेत काय शिकून झालं, ते या हिशेबात येत नाही.

इंग्लंडमधली मुलं शाळेची शेवटची दोन वर्षं ए-लेव्हल या शालान्त परीक्षेचे बहुधा तीनच विषय खोलात शिकतात आणि विद्यापीठात थेट एका विषयाला प्रवेश घेतात. गणिताचा विद्यार्थी पहिल्या सत्रापासून मुख्यतः गणितच करतो. अमेरिकेत इतिहास, लेखन, विज्ञान असे सर्वसाधारण विषयही पदवीतच पुरे करायचे असतात. मुख्य विषय अनेकदा दुसऱ्या वर्षाअखेर ठरतो.

स्कॉटलंडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ब्रिटनमध्येच असूनही तिथली ऑनर्स पदवी सहसा चार वर्षांची, कारण मुलं इंग्लंडपेक्षा वर्षभर आधी, सतराव्या वर्षीही विद्यापीठात जाऊ शकतात. तरी ती आणि इंग्लंडची तीन वर्षांची ऑनर्स पदवी एकाच पातळीची मानतात.

पडताळायचं तर दोन विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून एकाच विषयाचा वर्षवार अभ्यासक्रम काढा आणि शेजारी ठेवून वाचा. पुढच्या प्रवेशासाठी काही ठिकाणी मात्र वर्षंच मोजतात. तिथली पात्रतेची अट वाचल्याशिवाय फी भरू नका.