चढणीचा मासा आणि आईचं वजन

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला, की बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या ओढ्यांत चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, दिसू लागतात. कणकुंबीच्या बाजूला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं भाताच्या खाचरातसुद्धा ते शिरतात. मादी चिरली की ओंजळ भरून पिवळीधमक गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघते. थोराड माशात गाबोळी जास्त, हे सीमाभागात कुणाला शिकवावं लागत नाही. पण मादी दुप्पट वजनाची असेल तर गाबोळी दुप्पटच निघते, की त्याहून जास्त?

देहाचा आकार आणि वंशवाढ यांचं नातं ॲरिस्टॉटलच्याही नजरेत आलं होतं. मोठ्या प्राण्याचं अन्न त्याचा देह पोसण्यातच खर्च होतं, म्हणून त्याला पिल्लं कमी होतात, असं त्याचं म्हणणं. खानापूरच्या रानात अधूनमधून उतरणाऱ्या हत्तींकडे पाहिलं तर ते पटतं. हत्तीण सुमारे 22 महिने गर्भ वागवते आणि शंभरेक किलोचं एकच पिल्लू देते. तिच्या वजनाच्या मानाने ते जेमतेम 3-4 टक्के. खानापूरच्याच रानातल्या भीमगडच्या गुहांमुळे आपल्याला वटवाघळं ओळखीची. त्यांच्यातही बहुधा एकच पिल्लू होतं, पण ते आईच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास भरतं. म्हणजे नुसती पिल्लं मोजून भागत नाही, आईनं किती झीज सोसली तेही बघावं लागतं.

पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी 1947 मध्ये मांडलं, की पक्षी जेवढी पिल्लं भरवू शकतो तेवढीच अंडी घालतो. 1974 मध्ये स्मिथ आणि फ्रेटवेल यांनी त्याचं गणित बसवलं: भांडवल तेच, मग पिल्लं लहान आणि पुष्कळ, की मोठी आणि मोजकी?

मत्स्यपालनात हिशेब सरळ होता: दुप्पट वजन, दुप्पट अंडी. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांचं प्रजनन घडवलं, आणि पुढं देशभर बीजकेंद्रं उभी राहिली. तिथं आजही रोहूची अंडी किलोमागे इतके लाख अशी धरतात. 2018 मध्ये डिएगो बार्नेचे आणि सहकाऱ्यांनी 342 जातींचे सागरी मासे तपासले, तेव्हा बहुतेक जातींत हे प्रमाण मोडलेलं दिसलं. कॉड या समुद्री माशाची 30 किलोची एक मादी 2 किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या 28 जणींचं वजन मात्र 56 किलो! अभ्यास समुद्रातल्या माशांचा आहे, आपल्या ओढ्यातल्या मळ्या-शिंगटी माशांचा नव्हे. पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

वनस्पतींचं बहुधा उलट. कितीतरी झाडांना ठरावीक वाढ झाल्याशिवाय फुलोराच येत नाही, आणि पुढं उंची वाढेल तसा खर्च खोडावर होतो. जुनी उंच भातं पिंजर (पेंढा) भरपूर द्यायची, दाणा कमी. 1966 मध्ये आलेल्या आयआर-8 या बुटक्या वाणानं तो खर्च लोंबीकडे वळवला. गुरांच्या वैरणीला मात्र उंच भातच बरं पडतं, हेही खरं.

जूनमध्ये ओढा चढणाऱ्या मादीची अंडी अजून पोटातच असतात. म्हणून जाळं लावणाऱ्या गावकऱ्यांना माझी विनंती आहे: पोटुशी थोरली मादी दिसली तर तिला वर जाऊ द्या. अंडी घालून उतरणीला लागेल तेव्हा धरा.