कूपरने इंजिन मागे का नेलं?

‘इंजिन ड्रायव्हरच्या मागे ठेवायची कल्पना कूपरची’ हे वाक्य शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कूपर या इंग्लिश कंपनीबद्दल वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही. 1923 मध्ये बेन्झची मागे इंजिन असलेली गाडी इटलीत मोन्झाच्या शर्यतीत धावली होती आणि 1934 पासून ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या सोळा सिलिंडरच्या गाड्या तशाच होत्या.

मग कूपरने काय केलं? 1946 साली इंग्लंडमधल्या सर्बिटनला चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन शर्यतींच्या 500 सीसी गटासाठी स्वस्तातली गाडी बांधायला बसले. फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीचे, दोन गाड्यांचे पुढचे भाग कापून पाठीला पाठ लावून जोडले. इंजिन जॅप कंपनीचं, मोटरसायकलचं, एका सिलिंडरचं. मोटरसायकलचं इंजिन चेनने मागची चाकं फिरवतं. मग ते मागच्या चाकांजवळच बसवणं सोयीचं! वजनाच्या विभागणीचा कुठलाही मोठा सिद्धांत यामागे नव्हता. मला तर ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

श्रेय आहे ते पुढचं. ऑटो युनियनची वाट युद्धाबरोबर बंद झाली, कूपरने ती सोडली नाही. 1958 मध्ये ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसने रॉब वॉकरच्या खासगी संघाच्या कूपरमधून अर्जेंटिनाची शर्यत जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या ग्रां प्रीमध्ये मागे इंजिन असलेल्या गाडीचा तो पहिला विजय. 1959 ला अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, कूपरचा ड्रायव्हर जॅक ब्रॅबमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. त्याने ती ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि जगज्जेता ठरला. 1960 लाही तोच. त्यानंतर दोनच वर्षांत पुढे इंजिन असलेली गाडी ग्रां प्रीमधून जवळपास नाहीशी झाली होती.