अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीचा पोरगा: मासाको नोझावा यांच्या आवाजामागचा इतिहास

११ ऑक्टोबर २०२४ रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर ‘ड्रॅगन बॉल डायमा’ ही नवी कार्टून मालिका सुरू झाली. तिच्या कथेत नायक गोकू जादूमुळे पुन्हा लहान पोर होतो. देह आक्रसला, पण आवाज त्याच बाईंचा राहिला, ज्या १९८६ पासून गोकूला बोलतं करत आल्या आहेत. मासाको नोझावा. त्या दिवशी त्यांचं अठ्ठ्याऐंशीवं वर्ष सरत आलं होतं. वाढदिवस जेमतेम दोन आठवड्यांवर होता.

आपल्याकडे दोन हजारच्या दशकात कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ बघत जी पिढी वाढली, तिच्या कानात गोकूचा आवाज पुरुषाचा आहे. अमेरिकेतही लहान गोकूला बाईचा आणि मोठ्या गोकूला पुरुषाचा आवाज मिळाला. म्हणून मूळ जपानी भाग पहिल्यांदा ऐकणारा हमखास चक्रावतो. एवढे दंड, एवढी छाती आणि आवाज हा? त्यावर ठरलेलं उत्तर असं, की मुलांचा आवाज फुटतो, बाईचा फुटत नाही, म्हणून जपानमध्ये पोरांच्या भूमिका बायका करतात. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजायचं तर जपानी टीव्हीच्या गरिबीच्या दिवसांत जावं लागतं.

जपानमध्ये १ फेब्रुवारी १९५३ रोजी एनएचके या सार्वजनिक संस्थेचं दूरचित्रवाणी प्रसारण सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निप्पॉन टीव्ही ही पहिली खासगी वाहिनी आली. सिनेमावाल्यांनी या नव्या डबड्याला नाव ठेवलं ‘विजेवरचं कामिशिबाई’. कामिशिबाई म्हणजे सायकलवर लाकडी चौकट लावून गल्लोगल्ली फिरणारा, चित्रांचे पुठ्ठे सरकवत गोष्ट सांगणारा आणि पोरांना गोळ्या विकून पोट भरणारा माणूस. थोडक्यात, टीव्ही म्हणजे पोरखेळ. पण नुसती चेष्टा करून ते थांबले नाहीत. सप्टेंबर १९५३ मध्ये पाच बड्या चित्रपट कंपन्यांनी आपापल्या नटनट्या बांधून ठेवणारा करार केला आणि पुढे त्या दशकात टीव्हीला नवे चित्रपट देणंही बंद केलं.

आता वाहिन्यांनी वेळ भरायचा कशाने? अमेरिकन मालिका स्वस्तात मिळत होत्या, त्या आणल्या. त्यांना जपानी आवाज हवे होते, आणि सिनेमातले नट मिळणार नव्हते. मग नभोनाट्यातले आणि छोट्या नाटक मंडळ्यांमधले नट बोलावले गेले. जपानीत आवाजाच्या नटाला ‘सेइयू’ म्हणतात. हा पेशा एका अर्थाने सिनेमावाल्यांच्या आडमुठेपणातून उभा राहिला.

सुरुवातीला हे काम ध्वनिमुद्रित नसे, थेट चाले. इकडे परदेशी चित्रफीत सुरू, तिकडे माइकसमोर नट, आणि दोन्ही एकाच वेळी घरोघरी. कुणाला खोकला आला तर तोही प्रक्षेपित. या गोंधळात पोरांच्या भूमिकांची फार पंचाईत व्हायची. खरा लहान मुलगा आणावा तर थेट प्रसारणात चुकण्याची भीती, त्यात रात्रीची वेळ. जरा मोठा, समजदार मुलगा आणावा तर त्याचा आवाज फुटलेला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, बायकांना घेऊन बघू. एका नाटक मंडळीतून चाचणीला आलेल्या नोझावाबाईंना पहिला पोरगा मिळाला तो असा. मुलाखतींमधून त्यांनी हा किस्सा बऱ्याचदा सांगितला आहे, आणि त्यात कलेचा आव कुठेही नसतो. अडचण होती, उपाय निघाला, एवढंच.

त्यांना आवाजाच्या कामात यायचंच नव्हतं. जन्म २५ ऑक्टोबर १९३६ चा, तोक्योतला. वडील चित्रकार, आत्या-मावशीच्या नात्यातली एक बाई सिनेमातली नटी. तिच्यामुळे मासाको तीन वर्षांची असतानाच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. युद्धात शहर सोडून कुटुंब गुन्मा प्रांतात गेलं आणि नुमाता या डोंगराळ गावात तिचं शिक्षण झालं. शाळा संपल्यावर ती तोक्योला परतली ती नाटकासाठी. नाटकात पैसा नव्हता. डबिंगचे पैसे मिळत, ते नाटकात जात. त्या पिढीतल्या अनेकांना ‘सेइयू’ हा शब्दच खटकायचा. आम्ही नट आहोत, आवाज देणं हे नटाच्या कामांपैकी एक, असं ते ठासून सांगत.

१ जानेवारी १९६३ ला ‘अॅस्ट्रो बॉय’ आला आणि त्यातल्या यंत्रमुलाला मारी शिमिझू या अभिनेत्रीने आवाज दिला. परदेशी मालिकांसाठी केलेली तडजोड देशी कार्टूनमध्ये रीत होऊन बसली. नोझावाबाईंची पाळी पाच वर्षांनी आली. जानेवारी १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘गेगेगे नो किटारो’मधला किटारो, म्हणजे भुताखेतांच्या जमातीतला शेवटचा, एका डोळ्याचा मुलगा. शिगेरू मिझुकी यांच्या या चित्रकथेचं मूळ कुठलं, तर युद्धापूर्वीच्या कामिशिबाईतलं. मिझुकी स्वतः तरुणपणी कामिशिबाईची चित्रं काढून जगले होते. सिनेमावाल्यांनी टीव्हीला हिणवायला जी उपमा वापरली, तिच्यातूनच निघालेल्या पोराने टीव्हीवर बस्तान बसवलं, याची मला गंमत वाटते.

पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे पोरांची रांगच. ‘दोकोंजो गाएरू’मधला हिरोशी, ज्याच्या बनियनवर जिवंत बेडूक चिकटलेला असतो. ‘गांबाचं साहस’मधला उंदीर. टॉम सॉयर. १९७८ मध्ये ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’मधला तेत्सुरो, आईच्या मृत्यूनंतर आगगाडीतून अंतराळात निघालेला गरीब मुलगा. तेत्सुरो करताना बाई बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मध्येच एक काम असं, जे ऐकून आपल्याकडची लहान मुलं भुवया उंचावतील. १९७३ मध्ये निप्पॉन टीव्हीवर ‘डोरेमॉन’ची पहिली मालिका आली. सुरुवातीला डोरेमॉनला पुरुषाचा आवाज होता, मग तो बदलून नोझावाबाईंना आणलं. निर्माती संस्थाच बुडाल्यामुळे सहा महिन्यांत मालिका गुंडाळली गेली. जगाला ठाऊक झालेला डोरेमॉन १९७९ चा, नोबुयो ओयामा यांच्या आवाजातला.

त्याच १९७३ सालातली आणखी एक घटना चाहत्यांच्या गप्पांत क्वचितच येते. ८ ऑगस्टला आवाजाच्या नटांनी एक दिवसाचा संप केला आणि मानधनासाठी रस्त्यावर मोर्चा काढला. त्यानंतर दर वाढले. अनुभवानुसार श्रेणी ठरवून मानधन देण्याची पद्धत आजही चालू आहे. अगदी खालच्या श्रेणीतल्या नवख्याला अर्ध्या तासाच्या भागाचे पंधरा हजार येन मिळतात, मग वाक्य एक असो वा पन्नास. झगमगाट बघून या धंद्यात उतरणाऱ्या मुलामुलींना हा आकडा आधी सांगायला हवा.

आता गोकू. आकिरा तोरियामा यांची चित्रकथा १९८४ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात येत होती. तोएई या कार्टून बनवणाऱ्या कंपनीने मालिका करायची ठरवल्यावर आवाजाच्या चाचण्या झाल्या आणि त्या ध्वनिफिती तोरियामांना ऐकवल्या गेल्या. नावं न सांगता. नोझावांचा आवाज ऐकताच गोकू हाच, असं त्यांनी ठरवलं. २६ फेब्रुवारी १९८६ ला पहिला भाग लागला. तेव्हा बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या.

गोकू डोंगरात वाढलेला, शेपटीवाला, आजोबांखेरीज माणसं न पाहिलेला मुलगा आहे. तो स्वतःला ‘ओरा’ म्हणतो. जपानीत ‘मी’साठी अनेक शब्द आहेत आणि ‘ओरा’ हा खेडवळ. ‘ओस्सु, ओरा गोकू!’ ही त्याची ओळख शहरी जपानी कानाला तशी लागते, जशी पुण्याच्या सदाशिव पेठेत एखाद्या पोराने खणखणीत गावरान बोलीत दिलेली हाक लागेल. इंग्रजी आणि हिंदी अवतारांत हा गावरानपणा पार गळून गेला.

मालिकेच्या शेवटाकडे गोकू मोठा होतो, लग्न करतो. इथे आवाज बदलायला कारण होतं. पण निर्मात्यांनी बदलला नाही, आणि माझ्या मते ‘ड्रॅगन बॉल’चा जीव या न बदलण्यात आहे. पुरुषी आवाजातला गोकू महानायक होतो, जगाला वाचवायला निघालेला. नोझावांचा गोकू जगबिग वाचवायला निघालेला नसतो. त्याला भूक लागलेली असते आणि आपल्यापेक्षा तगड्या गड्याशी कुस्ती खेळायची असते. अंग वाढलं, पोर तेच राहिलं. सव्वीस एप्रिल १९८९ ला सुरू झालेली पुढची मालिका ‘झी’ २९१ भाग चालली, ती या न वाढलेल्या पोराच्या जोरावर.

त्याच ‘झी’त गोकूचा मुलगा गोहान आला. त्याचाही आवाज नोझावांचा. मग धाकटा गोतेन. १९९० च्या विशेष भागात गोकूचा बाप बार्डॉक. तीन पिढ्यांना एकच गळा. जपानमध्ये सगळे नट एकाच खोलीत, हातात संहिता घेऊन, मोजक्या माइकांसमोर आळीपाळीने उभे राहतात. समोरच्या पडद्यावर चित्रं अनेकदा अपुरी, कधी नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. कागदाचा आवाज होऊ न देता पान उलटायचं, आपलं वाक्य झालं की दुसऱ्यासाठी बाजूला सरकायचं. नोझावाबाईंना मात्र बरेचदा सरकायची सोय नसते, कारण बाप बोलला की मुलगाही त्यांनाच बोलायचा असतो. हे तुकडे वेगवेगळे मुद्रित करून जोडता येतात, पण बाई एका दमात करतात. ऐकताना फरक पट्टीचा कमी आणि वळणाचा जास्त जाणवतो. गोहान आईच्या धाकात वाढलेला, स्वतःला सभ्यपणे ‘बोकू’ म्हणणारा, वाक्य नीट पुरं करणारा. गोकूची वाक्यं वाटेत सांडतात. बार्डॉकच्या बोलण्यात थकवा आहे, जो गोकूला कधी शिवलेला नाही.

आणखी एक सवय त्या सांगतात. चित्रकथा छापून येत असतानाही त्या पुढचं वाचत नसत. उद्या काय होणार हे गोकूला माहीत नाही, तर मला तरी का असावं, हा त्यामागचा विचार.

मानसन्मान उशिरा आले. २०१७ मध्ये गिनीज बुकाने व्हिडिओ गेममधल्या एकाच पात्राला सर्वाधिक काळ आवाज दिल्याबद्दल त्यांची नोंद केली: २३ वर्षं २१८ दिवस. २०२३ मध्ये किकुची कान पुरस्कार मिळाला. एरवी साहित्य-संस्कृतीतल्या मंडळींकडे जाणारा हा पुरस्कार.

पण मला या सगळ्यापेक्षा किटारोची पुढची गोष्ट मोठी वाटते. किटारोचा बाप म्हणजे एक डोळा. शब्दशः. देह नाहीसा झाला, डोळ्याचं बुबुळ तेवढं उरलं, त्याला हातपाय फुटले आणि ते मुलाच्या केसांत राहू लागलं. १९६८ पासून या बापाचा चिरका आवाज इसामु तानोनाका यांचा. मुलाचे आवाज बदलत गेले, बाप बदलला नाही. २००८ च्या ‘हाकाबा किटारो’त चाळीस वर्षांपूर्वीची बापलेकाची जोडी पुन्हा एकत्र आली. तानोनाका जानेवारी २०१० मध्ये गेले. २०१८ मध्ये नवी मालिका निघाली तेव्हा किटारो मियुकी सावाशिरो यांना दिला आणि बापाची भूमिका नोझावांना. जी पन्नास वर्षांपूर्वी ‘बाबा’ म्हणून हाक मारायची, तीच आता ‘किटारो रे’ अशी हाक घालू लागली. तेही तानोनाकांच्या चिरक्या सुराची आठवण ठेवून.

दरम्यान आजूबाजूची माणसं गळत चालली आहेत. गोकूच्या मैत्रिणीला, बुल्माला, सुरुवातीपासून आवाज देणाऱ्या हिरोमी त्सुरू नोव्हेंबर २०१७ मध्ये गेल्या. ती भूमिका आता आया हिसाकावा करतात. मार्च २०२४ मध्ये तोरियामा अडुसष्टाव्या वर्षी गेले. ‘डायमा’ त्यांच्याच कल्पनेवर बेतलेली, पण प्रक्षेपण त्यांना पाहता आलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी ओयामा गेल्या. त्यांनी २००५ मध्येच, सव्वीस वर्षांनंतर, डोरेमॉन सोडला होता आणि तेव्हा मुख्य आवाजांचा सगळा संचच एका झटक्यात बदलला. डोरेमॉनच्या घरात वारसा असा ठरवून दिला गेला. गोकूच्या घरात तो प्रश्न अजून कुणी काढत नाही.

आवाजाचा प्रश्न मात्र वेगळ्याच दारातून आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘डायमा’ सुरू झाली त्याच महिन्यात, जपानी आवाज-नटांच्या एका गटाने आपले आवाज परवानगीशिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्याविरुद्ध मोहीम उघडली. फ्रीझाला, म्हणजे गोकूच्या सर्वांत गाजलेल्या वैऱ्याला, आवाज देणारे र्यूसेइ नाकाओ तीत होते. आणि त्याच महिन्यात आओनी प्रॉडक्शन या नोझावांच्या संस्थेने कोएफाँट या कंपनीशी करार जाहीर केला. संस्थेच्या दहा कलाकारांचे आवाज संमतीने, मोबदला देऊन यंत्राला द्यायचे. त्या दहांत नोझावाबाई आहेत.

करारात एक कुंपण आहे. हे यंत्रातले आवाज दिशादर्शन, सूचना, घरगुती उपकरणं, इतर भाषांतली माहिती यांसाठी. अभिनयासाठी नाहीत, अॅनिमेत म्हणजे जपानी कार्टूनमध्ये नाहीत, परदेशी चित्रपटांच्या डबिंगमध्ये नाहीत. तेव्हा उद्या एखाद्या यंत्रातून नोझावाबाईंचा आवाज ‘पुढच्या चौकात डावीकडे वळा’ असं सांगू शकेल. गोकूची लढाईतली आरोळी ‘कामेहामेहा’ मात्र त्यांना स्वतः माइकसमोर उभं राहूनच ओरडावं लागेल.