कारागृहातील टपाल

कारागृहातील टपाल म्हणजे बंद्याला बाहेरून येणारी पत्रे, मनीऑर्डरी, पुस्तके व पार्सले आणि बंद्याने बाहेर धाडलेली पत्रे. महाराष्ट्रात हा व्यवहार 1894 चा कारागृह अधिनियम, बंद्यांच्या सोयीसुविधांविषयीचे राज्याचे 1962 चे नियम आणि त्या त्या तुरुंगाची वहिवाट यांच्या आधाराने चालत आला आहे. पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा वाचक बसलेला असतो, हे या टपालाचे वेगळेपण. पत्र लिहिणारे दोघेही त्याला धरूनच लिहितात.

पत्ता लिहिताना नुसते नाव पुरत नाही. येरवड्यासारख्या मोठ्या मध्यवर्ती कारागृहात एकाच नावाचे अनेक जण असू शकतात. म्हणून वडिलांचे नाव, बंदी क्रमांक, माहीत असल्यास बराक, मग कारागृहाचे नाव व पिनकोड असा क्रम ठेवतात. न्यायाधीन बंदी आणि शिक्षा झालेला बंदी यांचे क्रमांक निरनिराळे असतात. शिक्षा लागली की क्रमांक बदलतो. बदली झाली की तुरुंगच बदलतो, आणि घरच्यांना हे कळेपर्यंत एखादे पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडते.

आलेले पाकीट फाटकातच फोडले जाते. आत नोटा, सिमकार्ड किंवा औषधाच्या गोळ्या नाहीत ना ते पाहतात, मग मजकूर वाचतात आणि सही-शिक्का होऊन पत्र बराकीत जाते. अधिकाऱ्याला न येणाऱ्या भाषेतले पत्र जाणकार सापडेपर्यंत अडकते. ज्याला वाचता येत नाही त्याला ते सोबतचा बंदी वाचून दाखवतो आणि उत्तरही तोच लिहून देतो. बायकोने नवऱ्याला लिहिलेली चार ओळींची खुशाली अशा रीतीने चार जणांच्या नजरेखालून जाते. त्यामुळे अशा पत्रांतून ‘इकडे सर्व ठीक, काळजी नसावी’ याच्यापलीकडे फारसे काही नसते, यात नवल नाही.

मनीऑर्डरीला तुरुंगात अजून मान आहे. पैसे बंद्याच्या हाती पडत नाहीत, खात्यावर जमा होतात आणि कॅन्टीनच्या खरेदीत वळते होतात. त्यावर महिन्याची मर्यादा असते. जुन्या छापील फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी एक पट्टी असे. पैशाबरोबर ‘बाळाला दात आला’ एवढे कळवायला ती पुरे. राखी पौर्णिमेच्या सुमारास पाकिटांतून राख्याही येतात.

मराठी वाचकाला या टपालाचा परिचय आहे तो राजबंद्यांमुळे. मंडालेत (1908–14) टिळकांना गीतारहस्यासाठी मोजलेल्या पानांच्या बांधीव वह्या आणि पेन्सिल मिळाली. 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच तारेने कळली. अंदमानात सावरकरांना वर्षाकाठी एकच पत्र लिहिता येई आणि धाकटे बंधू नारायणराव यांना लिहिलेल्या त्या पत्रांत वर्षभराचे साठलेले सगळे बसवावे लागे. येरवड्यातून गांधीजी 1930 मध्ये साबरमतीच्या आश्रमाला दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र पाठवत. त्यांचेच पुढे पुस्तक झाले. सर्वांत विलक्षण प्रकार अहमदनगरच्या किल्ल्यातला. 1942 नंतर तिथे स्थानबद्ध असलेल्या मौलाना आझादांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यांना उर्दूत लांबलचक पत्रे लिहिली, पण ती पाठवण्याची मुभाच नव्हती. चहा, चिमण्या, गतकाल अशा विषयांवरची ही न टाकलेली पत्रे 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली. तिसरा वाचक वगळायचा तर टपालच वगळावे लागते, असा हा हिशोब.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न न्यायालयांत आला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित पत्नीकडे छापण्यासाठी पाठवायची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहिण्याचा हक्क कुठेही दिलेला नाही, हा सरकारचा युक्तिवाद. त्या अटी म्हणजे निर्बंध आहेत, सवलतींची यादी नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये सरकारचे अपील फेटाळले. पुढे तिहारमधून सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि डिसेंबर 1979 च्या निकालाने तुरुंगातल्या कागदाचे वजन वाढले.

तरीही फाटकातली तपासणी अजून कधी कधी हास्यास्पद होते. तळोजा कारागृहात असलेले मानवाधिकार कार्यकर्ते गौतम नवलखा यांच्यासाठी आलेले पी. जी. वुडहाउस यांचे विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून परत पाठवले गेले. 2022 मध्ये हे ऐकून मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही त्यातला विनोद बोलून दाखवला. त्याआधी, डिसेंबर 2020 मध्ये, नवलखा यांच्या चष्म्याचे पार्सल नाकारल्याच्या तक्रारीवर याच न्यायालयाने माणुसकीची आठवण करून दिली होती.

ई-मुलाकात (व्हिडिओवरून होणारी भेट) आणि फोनमुळे खुशालीची पत्रे कमी झाली. मात्र एका कागदाची वाट प्रत्येक बराकीत पाहिली जाते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाचे आदेश टाकण्यासाठी पेटी आहे आणि ती ठरल्या वेळी उघडते. ऑक्टोबर 2021 मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात आदेश शेवटच्या वेळेपर्यंत पेटीत पडला नाही, तेव्हा जामीन मिळालेल्या तरुणाला आणखी एक रात्र आत काढावी लागली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आदेश पोहोचण्यातल्या दिरंगाईवर बोलताना निरोप नेणाऱ्या कबुतरांची आठवण काढली होती. 31 मार्च 2022 पासून त्या न्यायालयाचे आदेश ‘फास्टर’ या इलेक्ट्रॉनिक प्रणालीने तुरुंगांकडे पाठवण्याची सोय झाली.