हाय खाल्ली की डिलिरियम?

वॉर्डातून मानसोपचाराला येणारा रेफरन्स बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. 'पेशंट बोलत नाही, जेवत नाही, रडते, मरण येऊ दे म्हणते. डिप्रेशन वाटते, कृपया पाहावे.' खाटेपाशी उभा मुलगा दुजोरा देतो, "खुबा मोडल्यापासून आईनं हायच खाल्ली हो." हे नेमकं कधी सुरू झालं, ते चिठ्ठीत कुठेच नसतं. याची मला खरी चीड येते, कारण निम्मं निदान त्या तारखेतच असतं. यातल्या कित्येक आज्यांना नैराश्य नसतंच. त्यांना डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, झालेला असतो, आणि तोही आरडाओरडा न करणारा, गप्प प्रकारचा.

नैराश्य काय असतं ते वाचकांना सांगायला नको. किमान दोन आठवडे टिकणारी उदासी किंवा कशातच रस न उरणं, सोबत झोप-भुकेची वाट लागणं, थकवा, अपराधी वाटणं, मरणाचे विचार. यावर इतकं छापून आलंय की शेजारच्या काकूही घडाघडा सांगतील.

डिलिरियमचं तसं नाही. जंतुसंसर्ग होतो, सोडियम घसरतं, ऑक्सिजन कमी पडतो किंवा एखादी नवी गोळी सोसत नाही, आणि त्याचा फटका बसून मेंदूचं काम काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत विस्कटतं. डिलिरियम म्हटलं की लोकांना आठवतो तो सलाईन उपसणारा, भिंतीवर किडे दिसणारा, "हे लोक मला मारायला आलेत" म्हणून ओरडणारा रुग्ण. त्याला 'वात झालाय' हे वॉर्डातल्या मावशीही ओळखतात. गप्प डिलिरियमवाला कुणाची झोपमोड करत नाही. पडून असतो, विचारलं तर हूं म्हणतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. फाइलमध्ये नोंद होते, 'शांत झोपले, तक्रार नाही.' म्हाताऱ्या रुग्णांत हा प्रकार भरपूर, आणि नजरेतून सुटतो तोही हाच. ती नोंद वाचली की मी आधी रुग्णाला हाक मारून जागं करून बघते.

आता शारीरिक लक्षणांचं. भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही, हालचाल मंदावलेली. हे सगळं नैराश्यात होतं, डिलिरियममध्ये होतं, आणि साध्या न्यूमोनियातही होतं. ही अडचण संशोधकांना फार पूर्वी कळली होती. १९८३ साली इंग्लंडमध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी इस्पितळातल्या रुग्णांसाठी प्रश्नावली केली, तेव्हा झोप-भूक-थकवा त्यातून मुद्दाम वगळले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जीन एंडिकॉट यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळा तोडगा सुचवला. शारीरिक लक्षणांच्या जागी दुसरी लक्षणं धरायची: चेहरा उतरलेला, माणसांत न मिसळणं, सतत कुढणं, काहीही केलं तरी कळी न खुलणं. कर्करोगाचा थकवा आणि नैराश्याचा थकवा यांची गल्लत टाळायला हे उत्तमच. पण ती यादी गप्प डिलिरियमच्या रुग्णापाशी उभं राहून वाचा. चेहरा उतरलेला, कुणाशी बोलत नाही, नातू आला तरी फरक नाही. कुढण्याचं सांगता येत नाही, बाकी जवळपास सगळं जुळतं. एक गल्लत टाळायला केलेली यादी दुसरीचं दार सताड उघडं ठेवते.

मग रुग्णालाच विचारावं ना, की उदास वाटतं का? इथेच भलेभले फसतात. १९९५ साली फॅरेल आणि गॅन्झिनी यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंडमधला एक अभ्यास छापला. शारीरिक आजारासाठी दाखल झालेले आणि 'डिप्रेशन आहे का बघा' म्हणून पाठवलेले ६७ वयस्कर रुग्ण त्यांनी तपासले. त्यातल्या ४२ टक्क्यांना डिलिरियम निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिलिरियम असलेल्या या रुग्णांपैकी ६० टक्के स्वतः सांगत होते की मन उदास आहे, ६८ टक्क्यांना आपण कवडीमोल आहोत असं वाटत होतं, आणि ५२ टक्क्यांच्या मनात वरचेवर मरणाचे विचार होते. म्हणजे रेफरन्स लिहिणारा डॉक्टर खोटं लिहीत नव्हता. रुग्ण खरोखरच तसं म्हणत होता, आणि त्याला तसं वाटतही असणार. फक्त त्यावरून निदान ठरत नाही. प्रश्नावली मिळालेल्या उत्तराला गुण देते. उत्तर देणाऱ्याचं लक्ष प्रश्नावर होतं की नाही, हे तिला कळत नाही.

दोघांना वेगळं करणारी गोष्ट आहे ती हीच, लक्ष. उदासीही नाही आणि स्मरणशक्तीही नाही. डिलिरियममध्ये लक्ष धरून ठेवण्याची क्षमताच जाते. नैराश्यात ती मंदावते, कुरकुरते, पण शाबूत असते.

हे खाटेपाशी दोन मिनिटांत दिसतं. एडिनबर्गमध्ये तयार झालेली 'फोर-ए-टी' ही डिलिरियम ओळखायची छोटी चाचणी मला पानभर लांब फॉर्मपेक्षा केव्हाही पसंत आहे. त्यात वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगतात आणि निदान ७ बरोबर यावेत अशी अपेक्षा असते. शाळा न पाहिलेल्या आजींना डिसेंबर-नोव्हेंबर विचारण्यात अर्थ नाही. त्यांना मी वार विचारते, रविवारपासून उलटे. (वार उलटे म्हणणं मूळ चाचणीत नाही, पण काम भागतं.)

नैराश्य असलेल्या आजी आधी तोंड फिरवतात. "नको गं बाई, मला नाही येत काही." मी थांबते. बराच वेळ काही नाही. मग एक उसासा, आणि अगदी हळू, "रविवार... शनिवार... शुक्रवार..." पार सोमवारपर्यंत. वर "झालं समाधान?" अशी नजर. डिलिरियम असलेल्या आजी लगेच सुरुवात करतात, कधी कधी चक्क उत्साहाने. "रविवार, शनिवार, शुक्रवार, शनिवार, रविवार... आज बाजार आहे का? ती पिशवी कुठे गेली?" पुन्हा आठवण केली तर दोन वार येतात आणि धागा सुटतो. प्रश्न काय होता तेच हरवलेलं असतं. पहिलीला उत्तर द्यायचं नसतं, दुसरीला प्रश्न धरून ठेवता येत नाही. तिऱ्हाइताला दोघीही 'नीट उत्तरं देत नाहीत' अशाच दिसतात, आणि फाइलमध्येही तेवढंच लिहिलं जातं.

अमेरिकेत एंगल आणि रोमानो यांनी १९४० च्या दशकातच दाखवलं होतं की डिलिरियममध्ये मेंदूच्या विद्युतलहरींचा वेग मंदावतो आणि रुग्ण सुधारला की तोही सुधारतो. नुसत्या नैराश्यात ईईजी, म्हणजे या लहरींचा आलेख, असा सरसकट मंदावत नाही. तरी दर आजींचा ईईजी काढत बसू नका, वार विचारा.

दुसरी खूण म्हणजे चढउतार. डिलिरियम दिवसभर एकसारखा नसतो. आपल्याकडे नातेवाईक खाटेपाशीच मुक्काम ठोकतात, त्याचा इथे मोठा फायदा व्हायला हवा. पण दिवसा सून बसते, रात्री मुलगा. सुनेने पाहिलेली आई निपचित पडलेली, मुलाने पाहिलेली आई पहाटे गावाकडच्या म्हशी सोडायला निघालेली. दोघं जिन्यात डबा देता-घेता भेटतात, आईबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. डॉक्टरांचा राउंड सकाळी, नेमक्या बऱ्या तासात. म्हणून मी दोघांना एकत्र उभं करून एकच प्रश्न विचारते, "गेल्या आठवड्यात आई अशीच होती का?"

बाकीचे फरक झटपट. भास डिलिरियममध्ये जास्त, पण नसले म्हणून डिलिरियम नाही असं नाही. नैराश्य कधी कधी सकाळी जास्त जाणवतं, डिलिरियम बहुधा संध्याकाळनंतर बळावतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा तिसराच विषय. तो महिन्या-वर्षांनी वाढतो, आणि ज्याला आहे त्याला डिलिरियम लवकर गाठतो. 'वयाप्रमाणे होतंच' हे वाक्य मात्र वॉर्डात बंदच करायला हवं.

चुकीच्या शिक्क्याची किंमत रुग्ण मोजतो. डिप्रेशन समजून रात्रीची अमिट्रिप्टिलिन सुरू झाली, तर तीच गोळी लघवी अडवते, पोट जाम करते आणि मेंदूला आणखी गोंधळात टाकते. नैराश्यावरचंच एस्सिटालोप्राम दिलं, तर म्हाताऱ्या माणसाचं आधीच काठावर असलेलं सोडियम आणखी खाली जाऊ शकतं, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर. झोप यावी म्हणून लोराझेपाम दिलं, तर गप्प रुग्ण आणखी गप्प होतो आणि सगळ्यांना वाटतं, गुण आला. (दारू अचानक सुटल्याने झालेला डिलिरियम याला अपवाद. तिथे त्याच गटातली औषधं हाच उपचार.) आणि या सगळ्यात मूळ कारण, मग ते लघवीचा संसर्ग असो की तुंबलेलं मूत्राशय, तसंच राहतं.

डिलिरियम ठरला की शोध शरीरात घ्यायचा. सोडियम, ऑक्सिजन, ताप, लघवी, शौच, दुखणं, आणि गेल्या आठवड्यात सुरू झालेली प्रत्येक गोळी, सर्दीची साधी गोळीसुद्धा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरच्या कपाटातून आणायचं. दिवसा उजेड, रात्री अंधार, पाणी, आणि शक्य तितक्या लवकर खाटेवरून उठवणं. शॅरन इनोये यांच्या गटाने १९९९ साली सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या निम्म्यांसाठी अशाच साध्या गोष्टी नेमाने केल्या, तेव्हा त्यांच्यात ९.९ टक्क्यांना डिलिरियम झाला, नेहमीची देखभाल मिळालेल्या बाकीच्यांत १५ टक्क्यांना. झालेला डिलिरियम त्याने बरा होतो असं त्यातून निघत नाही, पण टाळता येतो हे निघतं.

दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हे मान्य. तरी क्रम सोडायचा नाही. आधी लक्ष तपासा. ते ठिकाणावर नसेल तर उदासीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि कारण शोधून दुरुस्त करा. आजी वार सरळ-उलटे नीट म्हणू लागल्या की पुन्हा विचारा, जगावंसं वाटतं का? तेव्हाही उत्तर नाही असंच आलं, तर मला बोलवा, चिठ्ठीवर तारीख घालून.